अवजारांचं विचारा : कटर कोणता घ्यावा, कसा धरावा

सोयाबीनचे कट्टे भरणं, कापसाचा पहिला वेचा आणि रब्बीसाठी ठिबकच्या नळ्या पसरणं हे सगळं एकदमच अंगावर येतं. त्या दिवसांत माझ्या हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यांत जास्त खपतो तो कटर, म्हणजे मुठीतून पातं पुढेमागे सरकणारा हातातला चाकू. यंदा पत्रंही त्याचीच जास्त आली, म्हणून हा महिना कटरला दिला आहे. पत्रं थोडी आटोपशीर केलीत, भाषा मात्र ज्याची त्याची ठेवली आहे.

*

ताई, नमस्कार. मी ठिबकची कामं घेतो, घरचं वावर बी आहे. नळी, खताची पोती, ताडपत्री, दोर, मल्चिंगचा पेपर, सगळ्याले एकच कटर. पिवळा प्लास्टिकचा घेतो, तो दोन महिन्यात ढिला होते. दाबलं का पातं मांगं सरकते. मागच्या हप्त्यात नळी कापता कापता अंगठ्याले लागलं, टाके पडले. मजबूत कटर कोणता घेऊ?
— एक कास्तकार, ता. आर्णी, जि. यवतमाळ

भाऊ, दाबलं की पातं मागे सरकतं हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळं दुखणं तिथंच आहे. कटर घेताना बहुतेक गिऱ्हाईक पात्याची धार बघतं. पातं तर केव्हाही बदलता येतं. बदलता येत नाही ते लॉक. बाजारात दोन तऱ्हेची लॉक मिळतात. एकात बटण पुढे सारलं की कट् कट् करत खटका दातऱ्यात बसतो. दुसऱ्यात मुठीच्या अंगाला एक चकरी असते, ती पिळून आवळायची. खटक्याचा कटर एका हातानं भरभर चालतो, खोके उघडायला तो उत्तम. पण ताडपत्री, जाड दोर, रबरी पट्टा अशा कामात पात्याला मागे ढकलणारा जोर येतो. तिथं चकरीच टिकते. तुम्ही चकरीचाच घ्या, आणि पातं पुढे काढलं की दर वेळी ती आवळायची सवय हाताला लावा.

दुकानात उभं राहूनच तपासा. कटरच्या तोंडातून आत डोकावा. पातं ज्या खोबणीत सरकतं ती लोखंडी पत्र्याची हवी. नुसती प्लास्टिकची असेल तर वावरातली धूळ आत जाऊन ती घासते, रुंद होते आणि पातं डुलायला लागतं. पात्यावर आडव्या रेघा असतात, दोन रेघांमधला भाग म्हणजे एक घर. मग पातं दोन घरं बाहेर काढा, लॉक आवळा, टोक लाकडी फळीवर टेकवून सरळ खाली दाबा. सरकलं तर परत ठेवा. त्यानंतर पात्याची चपटी अंगं चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा, धारेला बोट लागू देऊ नका. खडखडलं तर तोही नको. माझ्या काउंटरवर यासाठीच एक फळी पडलेली असते. तपासू द्यायला जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊच नका.

रुंदी सांगते. पाती 9, 18 आणि 25 मिमी अशी येतात. 9 चं पातं साधारण 0.38 मिमी जाड, 18 चं अर्धा मिमी, 25 चं 0.7 मिमी. 9 चा कागदाला आणि पातळ पुठ्ठ्याला. शेतातल्या बहुतेक कामाला 18 पुरतो. 25 चा जाड होजपाईप आणि रबराच्या पट्ट्याला लागतो, आणि ज्याला असलं काम रोज आहे त्यानंच तो घ्यावा, कारण त्या मोठ्या मुठीवर माणूस नकळत जास्त जोर टाकतो. पत्र्याची खोबण आणि चकरी असलेला 18 चा कटर दीडशे ते तीनशे रुपयांत मिळायला हरकत नाही. त्याच्यासोबत पात्यांची एक डबी लगेच घ्या. डबी घरात असली की पात्याचं बोथट टोक रेघेवर मोडून टाकायला जीव वरखाली होत नाही.

आता तुमच्या अंगठ्याबद्दल. 16 मिमीची नळी डाव्या मुठीत धरायची, कटर आपल्याकडे ओढायचा आणि पलीकडून अंगठ्याचा टेका द्यायचा, आपल्याकडे बहुतेक जण अशीच कापतात. नळी गोल, गुळगुळीत, उन्हानं मऊ पडलेली. पातं आधी घसरतं, मग एकदम आरपार जातं, आणि आरपार गेल्यावर समोर अंगठाच असतो. बरं, एवढं करून काप तिरकाच पडतो. तिरक्या तोंडाची नळी जॉइनरमध्ये पूर्ण बसत नाही आणि तिथूनच ठिबकतं. नळीला नळी कापायची कात्री वापरा, ज्यात खाली गोल बैठक असते आणि वरून पातं उतरतं. दाबत गेलं की काप सरळ येतो आणि दोन्ही हात धारेच्या मागे राहतात. तुम्ही तर ठिबकची कामं घेता, तुमच्या पिशवीत ती कटरच्या आधी हवी. पीव्हीसी पाईपला हॅकसॉ, तारेला पक्कड. या दोन्हींवर कटर चालवला की पात्याचं टोक उडतं, आणि ते कुठं उडेल याचा नेम नसतो.

मल्चिंगच्या पेपरला, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकला, भोकं पाडायलाही कटर नको. पेपर जेमतेम 25-30 मायक्रॉनचा, आणि खाली तुमचीच नळी पसरलेली. पातं पेपरातून सहज जातं आणि नळीला चीर देतं. ती चीर तेव्हा दिसत नाही, पाणी सोडल्यावर कळते. भोकाला गोल पंच वापरा. पेपर लांब फाडायचा असेल तर आकडीचं पातं मिळतं, वाघनखासारखं आत वळलेलं. त्याची धार पोटात असते, टोक खाली टोचत नाही. ताडपत्री आणि बारदान्यालाही ते फार चांगलं.

खताच्या पोत्याला तर बहुतेक वेळा काहीच कापावं लागत नाही. युरियाच्या 45 किलोच्या बॅगेचं तोंड साखळी टाक्यानं शिवलेलं असतं. एका टोकाची गाठ छाटून दोरा ओढला की झरझर उसवतो. अडकला तर जोर करू नका, दुसऱ्या टोकाकडून ओढा. बॅग आख्खी राहते, पुन्हा कामाला येते, आणि पात्याला खत लागत नाही. खताचं मीठ लोखंडाला फार लवकर खातं.

ताणलेला दोर कापताना एक बघा. बैलबंडीवरचा किंवा ट्रॉलीवरचा दोर ताणलेला असताना कापला तर सुटलेलं टोक आणि कटरचा हात दोन्ही झटक्यानं जातात. आधी ताण सोडा. सोडता येत नसेल तर दोराच्या रेषेत उभं न राहता बाजूला उभं राहा आणि एका दणक्यात न कापता थोडा थोडा करून कापा.

रबरी पट्टा कापताना पातं पाण्यात बुडवून घ्या, पाण्यात साबण असला तर आणखी बरं. कोरडं रबर पात्याला चावून धरतं. ओलं केलं की तेच पातं सरळ चालत जातं. एका झटक्यात कापायचं नाही. पहिल्या फेरीत नुसती रेघ, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत खोली.

*

ताई, आमच्या घरी हे पातं मोडतच नाहीत. बोथट झालं तर पायरीच्या दगडावर घासतात. म्हणतात, बोथट बरं, लागलं तरी कमी लागते. मोडताना तुकडा उडून डोळ्यात जाईल याचीही भीती वाटते. त्यांचं खरं का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

तुमच्या यजमानांना हे पत्र वाचून दाखवा. बोथट पात्यानं कमी लागतं हे खरं नाही. धारदार पातं हलक्या हातानं चालतं, म्हणून ते आपल्या ताब्यात असतं. बोथट झालं की माणूस खांद्यापासून जोर लावतो, आणि माल सुटला की तो सगळा जोर पात्यासकट मांडीवर नाहीतर दुसऱ्या हातावर येतो. शिवाय बोथट पात्याची जखम फाटल्यासारखी होते. ती भरायलाही वेळ लागतो.

दगडावर घासणं विळ्याला ठीक आहे. विळ्याचं पातं जाड, पाजवलं की पुन्हा वर्ष काढतं. कटरचं पातं अर्ध्या मिमीचं, त्याला घासून कोन बिघडतो आणि ते डगमगतं. मोडून नवीन टोक मिळावं म्हणूनच ते बनवलेलं आहे. ही युक्ती 1956 साली जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकाडा यांनी काढली. कागद कापताना पात्याचं फक्त टोक बोथट व्हायचं आणि बाकीचं सगळं पातं वाया जायचं, हे त्यांना सलत होतं. चांभार काचेचा तुकडा बोथट झाला की तो फोडून नवीन धार काढत, आणि चॉकलेटची वडी रेघेवर मोडते, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. पुढे त्यांच्या कंपनीचं ओल्फा हे नाव पडलं तेही जपानीतल्या ‘मोडणारं पातं’ या शब्दांवरून. म्हणजे मोडणं हा त्या अवजाराचा स्वभावच आहे, मोडलं म्हणून नुकसान झालं असं नाही.

भीती मात्र तुमची रास्त आहे. हातानं कधी मोडायचं नाही, आणि भिंतीला-दगडाला टेकवून तर नाहीच. एकच घर बाहेर काढा, लॉक आवळा. रेघ कोरलेली बाजू वर ठेवा. पक्कडीनं बाहेरचं घर पूर्ण पकडा, रेघेला लागून, आणि टोक खाली वाकवा. टक् आवाज येतो आणि तुकडा पक्कडीतच राहतो. डोळ्यावर चष्मा हवा. फवारणीचा गॉगल असतोच घरात, तो लावा. पोरं जवळ असतील तर आधी त्यांना बाजूला करा.

काही कटरांच्या मागच्या टोपणाला खाच असते, तीही मोडण्यासाठीच. पण ते टोपण ढिलं झालेलं असेल तर पक्कडच बरी.

आणि तुकडा कुठं टाकता? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचं पत्र वाचा.

*

कुट्टी करताना कडब्यात कटरचा तुकडा सापडला. मशीन थांबवून काढला. पण दोन दिवसांपासून एक म्हैस कमी खाते आहे. पोटात गेला असेल का?
— एक दूध उत्पादक, ता. मोर्शी, जि. अमरावती

आधी डॉक्टर. आजच्या आज पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, नाहीतर 1962 या नंबरवर फोन करा. हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत दिवस गेले असतील म्हणून मी पत्र मिळताच तुम्हाला वेगळं कळवलं आहे. इथं लिहिते ते बाकीच्यांसाठी.

गाय-म्हैस वैरण निवडून खात नाही. जिभेनं ओढते, थोडं चावते आणि गिळते, रवंथ नंतर. त्यामुळे चाऱ्यातलं खिळा, तार, पात्याचा तुकडा असं काहीही थेट आत जातं. जड असल्यामुळे ते जाळीच्या पोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात, जाऊन पडतं. हे पोट आकुंचन पावतं तसा तुकडा भिंतीत रुततो. त्या भिंतीच्या पुढे पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच काळीज. तुकडा पुढे सरकत तिथवर पोचला तर जनावर वाचणं फार अवघड असतं.

खाणं आणि दूध एकदम कमी होणं, रवंथ बंद, पाठ वर कमानीसारखी, पुढचे कोपर बाहेर काढून उभं राहणं, उतारावरून चालायला नको म्हणणं, बसता-उठता कण्हणं, ही लक्षणं. छातीखाली गळ्याच्या पोळीत पाणी भरून सूज आली म्हणजे फार उशीर झाला आहे. यातलं एक-दोन दिसलं तरी घरगुती काढे पाजत बसू नका. लोहचुंबक तोंडावाटे पोटात सोडतात, तो तिथंच राहून लोखंड धरून ठेवतो. पण तो किती मोठा, कोणत्या जनावराला, हे डॉक्टरच ठरवतील.

आपल्या हातात आहे ते आधीचं. कटरची पाती कार्बन स्टीलची असतात, लोहचुंबकाला लगेच चिकटतात. कुट्टी मशीनच्या तोंडाशी, चारा सरकतो त्या पत्र्यावर, जुन्या स्पीकरचा चुंबक घट्ट बसवा आणि रोज पुसा. त्याला काय काय चिकटलेलं निघतं ते एकदा पोरांनाही दाखवा.

आणि ज्यांच्या हातात कटर आहे त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. पात्याचा मोडलेला तुकडा बांधावर फेकू नका, केरात टाकू नका, गंजीजवळ तर पेंढी सोडायलाही कटर नेऊ नका, तिथं विळाच बरा. पत्र्याचा झाकणाचा डबा घ्या, झाकणाला पातं जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीनं बंद करा. डबा भरला की आख्खा भंगारवाल्याला द्या आणि आत पाती आहेत हे त्याला सांगा. वावरात असाल तर तुकडा परत डब्यापर्यंत नेईस्तोवर जुन्या औषधाच्या गोळ्यांच्या झाकणाच्या बाटलीत ठेवा. माझ्या दुकानात मी असा डबा ठेवला आहे, कोणीही कुठूनही घेतलेल्या पात्याचे तुकडे त्यात आणून टाकावेत.

*

संत्र्याच्या बुंध्यावर डिंक्या आहे. कृषी सहायक साल खरवडा म्हणाले. कटरनं खरवडली तर चालेल काय?
— एक बागायतदार, ता. वरूड, जि. अमरावती

डिंक्या म्हणजे बुंध्याची साल सडून डिंक गळण्याचा रोग. त्याला कटर नको. खरवडताना पातं आडवं फिरवावं लागतं, आडव्या जोरानं ते रेघेवर मोडतं आणि तुकडा सालीत राहतो. कलमाचा चाकू किंवा न दुमडणारा, जाड पात्याचा छोटा चाकू घ्या. सडलेली, तपकिरी साल तेवढी काढा, कडेला निरोगी हिरवी साल दिसली की थांबा. लाकडात शिरू नका. खाली पोतं अंथरून खरवडलेली साल गोळा करा आणि जाळा. जागा पोटॅशियम परमँगनेटच्या एक टक्का पाण्यानं पुसून बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. ही पेस्ट लोखंडी भांड्यात कालवू नका.

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना चाकू एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवा. लिंबूवर्गीय झाडांचे काही रोग अवजारावरूनच पसरतात. संध्याकाळी चाकू धुऊन, कोरडा करून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर ते द्रावण पातं गंजवतं.

*

कटर लागल्यावर आमच्याकडे मजूर बाया हळद भरतात, पुरुष तंबाखू दाबतात. रक्त तर थांबते. मग वाईट काय?
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

रक्त थांबतं ते दाबामुळे, तंबाखूमुळे नाही. दाब द्यायचाच आहे तर स्वच्छ सुती कापडानं द्या. दहा-पंधरा मिनिटं सलग, मधेमधे उचलून बघायचं नाही. हात छातीच्या वर धरा. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा, पहिलं काढू नका. हळद, तंबाखू, राख भरली की जखमेत घाण जाते आणि डॉक्टरांना टाके घालण्याआधी ती सगळी धुऊन काढावी लागते. धनुर्वाताचा जंतू माती आणि शेणात असतो, आणि वावरातल्या हाताला दोन्ही लागलेलं असतं. कटरची जखम अरुंद आणि खोल. अशी जखम त्या जंतूला मानवते. मातीची जखम असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन 5 वर्षं उलटली असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पुन्हा घ्यावं लागतं. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तसंच सांगा.

रक्त थांबलं म्हणून प्रत्येक जखम घरी ठेवण्यासारखी नसते. बोट वाकत नसेल, सरळ होत नसेल, किंवा शेंड्याला बधिर वाटत असेल तर आतली शीर किंवा स्नायूची दोरी तुटलेली असते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. आठवडा गेला की ती जोडणं कठीण होतं आणि बोट कायमचं ताठ राहतं. पात्याचा तुकडा रुतलेला दिसला तर ओढू नका, आजूबाजूनं कापड बांधा आणि न्या. मांडीला खोल लागलं आणि रक्त उसळत असेल तर दोन्ही हातांनी जोर लावून दाबा आणि 108 ला फोन करा. बोटाचा शेंडा तुटून पडला तर तो ओल्या स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. शेंड्याला थेट बर्फ लागू देऊ नका.

शेतात मजूर लावणाऱ्यांनी कटरच्या पिशवीतच एक स्वच्छ पट्टी ठेवावी, ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.

*

मी डावखुरी आहे. आमच्या बचत गटाच्या तूरडाळीचे खोके उघडायचं-कापायचं काम माझ्याकडे आहे. दुकानातला प्रत्येक कटर मला उलटा वाटतो.
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलडाणा

ताई, उलटाच असतो तो. बटण आणि धार उजव्या हाताच्या हिशेबानं बसवलेली असतात. काही कटरांत मागचं टोपण काढून पातं बाहेर घेता येतं आणि उलटवून परत बसवता येतं, मग बटण तुमच्या डाव्या अंगठ्याखाली येतं. घेताना दुकानदाराला तसं करून दाखवायला सांगा. ते सगळ्यांत जमत नाही. खोक्याच्या कामाला 9 मिमी पुरेल. पातं फक्त अर्धं घर बाहेर ठेवा, पुठ्ठ्याच्या जाडीएवढं, म्हणजे आतल्या डाळीच्या पाकिटांना चीर जाणार नाही. खोका मांडीवर न घेता टेबलावर ठेवा, आपल्याकडे न ओढता बाजूला कापत न्या, आणि उजवा हात पात्याच्या मागे ठेवा. गटात बाकीच्या बाया उजव्या हाताच्या असतील तर तुमच्या कटरला लाल चिकटपट्टी गुंडाळा. उलट बसवलेल्या पात्याचा कटर दुसरीनं सवयीनं उचलला तर तिला लागेल.